शून्य की रेघ : साक्री ते अनेर, पाणमांजराच्या मागे

आमच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्र विभागात डिसेंबर संपता संपता दिल्लीहून एक फॉर्म आला. देशाच्या पाण्यात राहणारे सस्तन प्राणी आज कोणत्या स्थितीत आहेत, हा त्याचा विषय. साऱ्या देशासाठी एकच फॉर्म छापलेला, त्यामुळे पहिल्या ओळीत देवमासा, दुसरीत डॉल्फिन आणि तिसरीत किलर व्हेल. त्याच्यापुढे कुणीतरी मराठी भाषांतरही करून ठेवलेलं, 'मारेकरी देवमासा'. पुढे रकाने होते : आढळतो का, संख्या वाढती की घटती, शेरा, निरीक्षकाची सही. आमच्या वाट्याला जळगाव आणि धुळे हे दोन जिल्हे आलेले. समुद्र बघायचा तर आम्हाला रात्रभर गाडीत बसावं लागतं.

विभागप्रमुख सरांनी फॉर्म माझ्यासमोर ठेवला आणि सगळीकडे 'निरंक' लिहून पुढच्या सोमवारी टपालात टाकायला सांगितलं. निरंक म्हणजे काही नाही. सरकारी कागदावर रकाना मोकळा ठेवता येत नाही, म्हणून हा शब्द. शेवटच्या ओळीत 'उदमांजर' होतं, त्याच्यापुढेही निरंकच. मागच्या वेळच्या प्रतीतही तेच होतं. पण मागच्या वेळी सही दुसऱ्याची होती. या वेळी ती माझी असणार होती, आणि मी जूनमध्येच नोकरीला लागले होते.

घरी येऊन मी आईला फॉर्म दाखवला. इथे थोडं मागचं सांगायला हवं. माझे बाबा पाटबंधारे खात्यात नदीची पातळी वाचण्याचं काम करायचे. आम्ही धरणाच्या कामावरच्या वसाहतींत राहायचो, जवळपास शाळा नसायची. चौथीपर्यंत आईनेच मला घरी शिकवलं. ती स्वतः सातवी. तिने माझ्या वहीची पानं कायम दोन रकान्यांत आखली : 'पाहिलं' आणि 'ऐकलं'. चिमणीचं घरटं पाहिलं असेल तर डावीकडे, शेजारच्या काकूंनी सांगितलं असेल तर उजवीकडे. बाबांना एकदा ताप आला आणि ते दोन दिवस नदीवर गेले नाहीत. तेव्हा त्यांनी नोंदवहीत शून्य लिहिलं नाही, नुसती रेघ मारली. मी विचारलं तर आई म्हणाली होती, "शून्य म्हणजे पाणी नाही. रेघ म्हणजे मी गेलो नाही."

मी त्या फॉर्मकडे बघत बसले, तशी आईने विचारलं, "तू गेली होतीस का नदीवर?"

नव्हते गेले. तिने फडताळातून मोठी पिशवी काढली. असा हा प्रवास ठरला. पाच दिवसांची रजा, कॉलेजातून मागून आणलेला कॅमेरा, त्यात छत्तीस फोटोंचा एक रोल, आणि सोबतीला आई. बाबा घरी राहिले. त्यांच्यासाठी आईने तीन दिवस पुरेल इतकी शेंगदाण्याची चटणी करून ठेवली आणि पुढच्या दोन दिवसांचं तुम्ही बघा म्हणाली.

पहिला दिवस. जळगावहून धुळ्याला सकाळची एस.टी. घ्या, एरंडोल-पारोळ्यामार्गे जाणारी. तीन तास धरून चाला. डाव्या बाजूच्या खिडक्या थंडीत बंद होत नाहीत, हे मी अनुभवाने सांगते, उजवीकडे बसा. रस्त्याला कापसाच्या गाड्या लागतात आणि त्यांच्या मागे बस रांगत जाते, पण शेतं बघायला मिळतात. हरभरा हिरवागार होता. धुळ्यात स्टँडसमोर शेवभाजी खाल्ली. तिखट सोसत नसेल त्याने आधीच सांगावं, नंतर सांगून उपयोग नसतो. मी नंतर सांगितलं.

दुपारी साक्रीची बस. साक्री आईचं माहेर. तिच्या चुलतबहिणीकडे, म्हणजे यमूमावशीकडे उतरलो. बसमधून उतरल्यापासून आईची भाषा बदलली. जळगावात ती 'आहे' म्हणते, साक्रीत 'शे' म्हणते, आणि आपण बदललो हे तिला कळतही नाही. संध्याकाळी उजेड होता तोवर पांझरेच्या काठाने गेलो. जानेवारीत नदी रोडावलेली असते. मध्ये मध्ये डबकी, काठावर धुणं वाळत घातलेलं. धुणाऱ्या बायांना मी फॉर्ममधला शब्द वाचून विचारलं : इकडे उदमांजर आहे का?

आहे म्हणाल्या. एकीने तर परवाच पाहिलं होतं.

मला इतका आनंद झाला की वहीत बरोबरची खूण करताना पेन्सिलीचं टोक मोडलं. परतीच्या वाटेवर एका मेंढपाळाला विचारलं, तोही हो म्हणाला. मावशीच्या शेजाऱ्यांच्या मते तर त्याने कोंबड्यांचा पिच्छा पुरवला होता. जेवायला बसेपर्यंत माझ्या 'ऐकलं' रकान्यात चार खुणा होत्या. मावशीने ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत केलं होतं. भरीत जळगावचं चांगलं की साक्रीचं, यावर दोघी बहिणींचं भांडण जुंपलं. ते पूर्वीही झालेलं असावं, कारण दोघींना एकमेकींची वाक्यं पाठ होती.

दुसरा दिवस साक्रीचा बाजार. कुणी साक्रीला जाणार असेल तर बाजाराच्या दिवशीच जा. डोंगराकडच्या गावांतून बाया टोपल्या घेऊन येतात; बोरं, आवळे, रानातला मध, मोळीची लाकडं. मी प्रत्येकीला थांबवून विचारत होते आणि आई माझ्यामागून प्रत्येकीकडून काहीतरी विकत घेत होती, कारण म्हणे नुसतं विचारून निघून जाणं बरं दिसत नाही. अकराच्या सुमारास माझ्या सात खुणा झाल्या आणि आईची पिशवी उचलेना.

आठवी होती एक म्हातारी अक्का, बोरांच्या ढिगामागे बसलेली. तिनेही हो म्हटलं. मी वही बंद करणार, तेवढ्यात सहज विचारलं की नदीत नेमकं कुठे असतं. अक्काने माझ्याकडे बघितलं, मग आईकडे बघितलं, आणि हसत आईलाच म्हणाली, "उदमांजर झाडवर ऱ्हास वं माय. पाणीमा काय करी ते?"

शेजारच्या दोघी-तिघीही हसायला लागल्या. एकीने सांगितलं, ते चिंचेवर झोपतं, बोरं खातं, कोंबडीची पिल्लं नेतं, आणि पाण्याला तर घाबरतं. माझ्या सात खुणा झाडावर जाऊन बसल्या होत्या.

मी पानावर आडवी काट मारली. मग वाटलं, ज्यांना चुकीचं विचारलं त्यांच्याकडे परत जायला हवं. आई म्हणाली, साऱ्या साक्रीची माफी मागत फिरणार आहेस का? तरी मी धुणाऱ्या बायांकडे आणि मेंढपाळाकडे जाऊन आलेच. पाण्यातलं, मासे खाणारं कुणी पाहिलंय का, असं विचारलं. नाही, पांझरेत नाही. हे मात्र मी नीट लिहून घेतलं : साक्री, पांझरा, तिघांनी नाही सांगितलं, मी काल संध्याकाळी आणि आज दुपारी काठ पाहिला, खूण नाही.

तिसऱ्या दिवशी धुळ्याला परत आणि तिथून आग्रा रोडने शिरपूर. ही बस चांगली पळते, रस्ता रुंद आहे. तापीच्या पुलावर आईने सवयीने पाण्याची पातळी किती असेल याचा अंदाज केला आणि बाबांना सांगायचा म्हणून लक्षात ठेवला. शिरपूरच्या अलीकडे बस चहाला थांबली. हॉटेलवाला मध्य प्रदेशातल्या सेंधव्याकडचा, अर्धं हिंदी बोलणारा. मी अजून त्या शब्दातच अडकले होते. फॉर्ममधल्या प्राण्याचं वर्णन मी त्याला वाचून दाखवलं : पाण्यात राहतो, पायाची बोटं पातळ कातडीने जोडलेली, मासे खातो.

"ऊदबिलाव," तो कपबशी पुसत म्हणाला. "हमारे यहाँ नर्मदा में है."

तेव्हा उलगडा झाला. दिल्लीचा मूळ कागद हिंदीत असणार. तिथे लिहिलं होतं ऊदबिलाव. मराठी करणाऱ्याने 'बिलाव'चं मांजर केलं, 'ऊद' तसाच ठेवला, आणि पाण्यातला प्राणी झाडावर चढवला. मराठीत त्याला पाणमांजर म्हणतात. म्हणजे ज्या जिल्ह्यांनी मन लावून विचारलं असेल त्यांनी 'भरपूर' लिहून पाठवलं असणार, आणि ज्यांनी विचारलं नसेल त्यांनी निरंक. आमचा निरंकही यातलाच. माझा चहा गार झाला. आईने तो पिऊन टाकला.

शिरपूरला स्टँडजवळच्या लॉजमध्ये राहिलो. खोली स्वच्छ, गरम पाणी सकाळी सहाला बादलीभर मिळतं, सांगून ठेवावं लागतं. संध्याकाळी एस.टी.डी. बूथवरून शेजाऱ्यांकडे फोन लावून बाबांना बोलावलं. त्यांनी आधी पातळी विचारली, मग आम्ही कशा आहोत ते.

चौथा दिवस. शिरपूरहून चोपड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर अनेर नदी लागते. सातपुड्यातून येते, दोन्ही जिल्ह्यांच्या मधून वाहत तापीला मिळते. तिच्या काठच्या एका गावात आम्ही उतरलो. गावाचं नाव मी इथे देत नाही, त्याचं कारण पुढे येईल. सकाळची पहिली बस पकडलीत तर उन्हं वर यायच्या आत पोचता.

उतरताना आईने एक अट घातली. "या वेळी नाव सांगू नकोस. ते काय करतं ते सांग."

नदीकाठी एक म्हातारे गृहस्थ जाळं दुरुस्त करत बसले होते. सगळे त्यांना नाना म्हणत. मी पुस्तकातलं वर्णन सांगायला लागले, पण लांबी आणि वजनात गुरफटले. नाना माझ्याकडे पोस्टमनकडे बघावं तसं बघत होते. तेव्हा आई पुढे झाली. काठावर उकिडवी बसली, दोन्ही हातांत भाकरीचा तुकडा धरला, मान इकडून तिकडे फिरवत तो चावला, आणि मग नाकातून फुस्स केलं. माझी आई, नऊवारी नसली तरी कडक इस्त्रीच्या पाचवारीत, साऱ्या गावासमोर. मला कुठे बघावं कळेना.

नानांच्या हातातली सुई थांबली. "पाणीनं कुत्रं," ते म्हणाले. "आमनं जाळं फाडस ते."

मी वही उघडली. वही बघताच त्यांचा चेहरा मिटला. ते पुन्हा जाळ्याकडे वळले आणि म्हणाले, तसं काही नाही इथे, पूर्वी होतं. मग त्यांनीच मान वर न करता विचारलं, "लिखीसनी काय व्हई? आमनं मासा धरनं बंद व्हई का?"

याचं उत्तर सोपं होतं. नाही नाना, काही होणार नाही, एवढं म्हटलं असतं की काम झालं असतं. सोमवार जवळ आला होता. आईनेही माझ्याकडे पाहिलं. पण तो कागद दिल्लीला गेल्यावर कुणाच्या टेबलावर जाईल, त्यावरून कुणी काय ठरवील, हे मला कुठे ठाऊक होतं?

"मला माहीत नाही, नाना," मी म्हणाले.

नाना जाळं बाजूला ठेवून उठले आणि आईला म्हणाले, "जो येस तो म्हनस, काहीच व्हनार नही. तुनी पोर पहिली शे, म्हनस माले माहीत नही." पुढे त्यांनी मला एवढंच सांगितलं, "गावनं नाव लिखू नको." मी कबूल केलं. म्हणून ते इथेही नाही.

ते आम्हाला काठाने वर घेऊन गेले. वाळू, मग खडक, मग करंजाच्या सावलीतला एक खोल डोह. चालता चालता ते सांगत होते आणि मी उजव्या रकान्यात लिहीत होते. त्यांच्या तरुणपणी ही जनावरं टोळीने यायची, पोहताना पाण्यात रांग दिसायची. आता दोन, कधी तीन. जाळं फाडतात म्हणून शिव्या देतो, पण त्यांनी मासा ज्या बाजूला हाकलला त्याच बाजूला आम्हीही जाळं टाकतो, असंही म्हणाले. हे म्हणताना ते थोडे लाजले.

डोहाजवळच्या एका सपाट खडकावर काळपट विष्ठा होती. मी काडीने उकलून पाहिली : माशांचे खवले, खेकड्याच्या कवचाचे तुकडे. आईने पदर नाकाला लावला आणि म्हणाली, यासाठी तुला एम.एस्सी. केलं. खाली ओल्या वाळूत पावलं उमटलेली होती. पाच बोटं, आणि बोटांमधल्या कातडीची पुसट रेषा. हे ऐकलेलं नव्हतं. हे डावीकडच्या रकान्यातलं होतं.

पाऊल केवढं ते कळावं म्हणून शेजारी पंचवीस पैशांचं नाणं ठेवलं. कॅमेरा डोळ्याला लावला. ऊन तिरपं होतं, पाऊल नीट उठून दिसत होतं. फोटो हलू नये म्हणून मी श्वास धरला. त्याच वेळी मागून आईचा आवाज आला, अगदी हळू, "उजू, ते बघ."

मी म्हणाले, थांब, मला हलवू नकोस. आणि बटण दाबलं.

मान वर केली तेव्हा डोहावर फक्त वर्तुळं होती, एकात एक, रुंद होत काठाला येणारी. नाना हसत होते. आईचे डोळे मोठे झाले होते. तिने सांगितलं : चपटं डोकं, मिशा, तोंडात आडवा मासा, आमच्याकडे बघितलं आणि नाकातून फुस्स केलं. "अगदी मी केलं तसं," असं तिने चारदा सांगितलं. आम्ही दोन तास तिथे बसलो. ते परत आलं नाही.

नानांच्या घरी ज्वारीची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि त्याच डोहातला मासा जेवलो. पाणमांजराच्या वाट्याचं खातोय असं मला वाटत राहिलं. नानांना सांगितलं तर ते म्हणाले, तेही आमच्याच वाट्याचं खातं.

पाचव्या दिवशी चोपड्यामार्गे जळगाव. ही बस जपून निवडा, वाटेत प्रत्येक केळीच्या बागेपाशी थांबते. बसमध्ये माझं आणि आईचं एकाच गोष्टीवरून चाललं होतं. ती म्हणत होती, लिही की पाहिलं म्हणून. तू तिथेच होतीस, तीन हातांवर. पाणी हललेलं पाहिलंस. कोण विचारणार आहे? मी म्हटलं, तूच विचारशील. मग ती खिडकीबाहेर बघत बसली.

रविवारी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर मी फॉर्म भरला. 'उदमांजर' खोडून 'पाणमांजर' लिहिलं आणि शेऱ्यात ऊदबिलावची हकिकत, जेणेकरून दिल्लीने इतर जिल्ह्यांचे आकडेही पुन्हा तपासावेत. आढळतो का : होय, शिरपूर तालुका, अनेर नदी. पाऊल आणि विष्ठा मी पाहिली, प्राणी दुसऱ्या निरीक्षकाने पाहिला. पांझरेपुढे : साक्रीजवळ पाहिलं, खूण नाही. संख्या वाढती की घटती : जुने मच्छीमार घटती म्हणतात, मोजलेली नाही. मग दुसऱ्या निरीक्षकाच्या सहीसाठी फॉर्म आईकडे सरकवला. तिने हात धुऊन, पुसून, पुन्हा पुसून सही केली. तिची सही मी रेशनकार्डाशिवाय कुठे पाहिली नव्हती.

सोमवारी सरांनी तो सावकाश वाचला. दुसऱ्या निरीक्षकाची पात्रता काय, विचारलं. मी म्हटलं, चौथीपर्यंत माझ्या शिक्षिका. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, पण खोडलं नाही. मग वरच्या ओळींवर बोट ठेवलं. देवमासा, डॉल्फिन, किलर व्हेल, तिन्हींपुढे मी रेघ मारली होती.

"निरंक का नाही?"

"मी समुद्रावर गेले नाही, सर."

सर म्हणाले, बाई, जळगाव जिल्ह्यात किलर व्हेल नाही एवढं तर जळगावला न जाताही सांगता येईल. मीही हसले. मग रेघेच्या शेजारी लिहिलं : 'जिल्ह्यांस समुद्र नाही.' सरांनी सही केली आणि पाकिटाला स्वतः डिंक लावला.

या प्रवासाने मला काय दिलं, असं कुणी विचारलं तर सांगायला फारसं नाही. पाणमांजर मी अजून पाहिलेलं नाही. अनेरवर ती किती आहेत, पुढच्या वर्षी असतील का, माहीत नाही. नानांचा डोह तसाच राहील का, हेही नाही, आणि त्याची काळजी मात्र आता कायमची लागली आहे. तुम्ही गेलात तर काठाने कुठेही उतरा, नाव विचारू नका, ते काय करतं ते विचारा. लाज वाटत नसेल तर करून दाखवा.

रोल धुऊन त्याच सोमवारी संध्याकाळी आला. छत्तीसपैकी अकरा फोटो हलले होते. पावलाचा मात्र लख्ख होता : पाच बोटं, शेजारी नाणं. बाबांनी तो चष्मा लावून उजेडात धरला आणि विचारलं, हे वाळूवर काळं काय आहे? मी वाकून पाहिलं. फोटोच्या कडेने एक सावली आत आली होती. इस्त्रीच्या पदराची टोकदार कड, आणि तिच्यातून निघालेला लांब हात, बोट नदीकडे रोखलेलं.

मी वही काढली. डाव्या रकान्यात, पाऊल आणि विष्ठा यांच्या खाली, 'पाहिलं' मध्ये लिहिलं : आईचा हात.